एक बोट, दोन तिकिटं

“माझे वडील गेले तेव्हा टेबलावर दोन ताटं होती,” शर्वाणी म्हणाली. “दुसऱ्या ताटावर कोण जेवलं, ते मला हवंय.”

लतिका वर्तकांनी पंखा थोडा कमी केला. शारजाच्या रोला भागातल्या त्या दोन खोल्यांतली एक त्यांचं ऑफिस होती, दुसरी घर. वीस वर्षं बोटींच्या विम्याचे खोटे दावे हुडकण्यात गेली होती. आता शारजा-दुबईतली मराठी माणसं पोलिसांत न्यायच्या नसलेल्या गोष्टी त्यांच्याकडे आणत. दाराजवळच्या खुर्चीत रफिक बसला होता. तो मूळचा दाभोळचा. लतिकाबाईंची गाडी चालवायचा आणि गरज पडली तर साक्षीदारही व्हायचा.

“डॉक्टर काय म्हणाले?” लतिकाबाईंनी विचारलं.

“हार्ट. नॅचरल डेथ. त्याबद्दल माझी शंका नाही.” शर्वाणीने रुमालाची घडी उलगडली, पुन्हा घातली. “मी अबुधाबीला असते. बाबा इथे शारजाला व्हिलात एकटे. आई जाऊन चार वर्षं झाली. कूक विष्णू सकाळी आला तर बाबा खुर्चीत, आणि समोर दोन ताटं. एकात दहीभात, जेमतेम चिवडलेला. दुसऱ्यात माशाचे काटे. बाबा आई गेल्यापासून मासे खात नव्हते.”

“आणखी काही?”

“आईची कुडी नाहीये. बसराई मोत्यांची. कपाटात होती.”

“तक्रार केलीत?”

“केली. विष्णूवर. तो आदल्या दिवशी कुठे होता ते सांगत नाही. पोलिसांनी त्याचा पासपोर्ट ठेवून घेतलाय. आता व्हिसा कॅन्सल होईल, नाही तर जेल. पण मॅडम, आठ वर्षं त्याने बाबांना करून घातलंय. मला झोप लागत नाही.”

“घरात आणखी कोण?”

“धाकटा भाऊ, सिद्धार्थ. लॉस एंजेलिसला असतो. तो अलास्काच्या क्रूझवर होता, बायकोबरोबर. लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून बाबांनीच ट्रिप दिली होती. मी त्याच्या घरच्या आन्सरिंग मशीनवर निरोप ठेवला. दुसऱ्या दिवशी बोटीवरून फोन आला. इतका स्पष्ट, जणू शेजारच्या खोलीत बसलाय. म्हणाला, समुद्रात आहे, बोट लॉस एंजेलिसला लागल्याशिवाय उतरता येत नाही.” तिने खाली पाहिलं. “अग्नी मीच दिला. दुबईच्या स्मशानात आम्ही सहा माणसं होतो. चाळीस वर्षं या देशात काढलेला माणूस, आणि सहा.”

रफिकने नजर वळवली. त्याची आई गेली तेव्हा तोही इथेच होता. नंतरच्या शुक्रवारी त्याला कळलं होतं.

“बाराव्याला भाऊ येतोय?” लतिकाबाईंनी विचारलं.

“हो. एकटाच. तनयाला रजा नाही मिळाली.”

“तनया म्हणजे?”

“त्याची बायको. माझीच कॉलेजची मैत्रीण. मीच जुळवून दिलं होतं.”

*

बंदराच्या रस्त्याने जाताना लतिकाबाई धक्क्याला लागलेल्या बोटी बघत होत्या. रफिकला ठाऊक होतं, त्या बोटीचं नाव नंतर वाचतात, आधी झेंडा बघतात.

“ती बघ, पनामाची,” त्या म्हणाल्या. “अशाच एका बोटीने कांडल्याला माल भरला आणि परवाना न काढता कोचीला उतरवला. विमा कंपनीने एक पैसा दिला नाही. मालकाला वाटलं, मध्ये कोलंबोला थांबून आलो म्हणजे काम झालं.”

“का नाही झालं, मॅडम?”

“आपला किनारा प्रत्येक देश आपल्याच झेंड्यासाठी राखून ठेवतो. एका बंदरातून उचलायचं आणि त्याच देशाच्या दुसऱ्या बंदरात ठेवायचं, हे परक्याने करायचं नाही. अमेरिकावाले तर त्यात फारच कडक.”

रफिकने मान डोलावली आणि सिग्नलला गाडी उभी केली. अशा गोष्टी तो रोज ऐकायचा आणि घरी पोचेपर्यंत विसरायचा.

व्हिलात एसी बंद होता. बंद घराचा उबट वास येत होता. जगन्नाथ तळपद्यांनी एसी डक्टिंगची कंत्राटं घेऊन अर्धं शारजा थंड केलं होतं, असं शर्वाणी म्हणाली. स्वतःच्या घरात मात्र शेवटी ते एकाच खोलीत राहायचे.

स्वयंपाकघरात फ्रिजवर एक रंगीत माहितीपत्रक चुंबकाने लावलेलं होतं. पांढरीशुभ्र बोट, मागे बर्फाचे डोंगर. खाली नकाशावर म्हाताऱ्या हाताने बॉलपेनची रेघ ओढलेली होती: अलास्कातल्या सुअर्डपासून कॅनडातल्या व्हँकुव्हरपर्यंत. तिथून पुढे दुसरी रेघ, वेगळ्या शाईची, लॉस एंजेलिसपर्यंत.

“बाबा रोज सकाळी इथे उभं राहून सांगायचे म्हणे, आज सिद्धू इथे असेल,” शर्वाणी म्हणाली. “सुअर्ड ते व्हँकुव्हर ही बाबांनी दिलेली ट्रिप. पुढचा प्रवास सिद्धूने स्वतः जोडला. तीच बोट, तीच केबिन. म्हणाला, बोटीनेच घरी जाईन.”

रफिक चित्राजवळ वाकला. “मॅडम, ही बोट अलास्काची आणि तिच्या मागच्या बाजूला नासाऊ लिहिलंय. ते कुठे आलं?”

“बहामाजमध्ये. बोटीची नोंदणी तिथली.” लतिकाबाई क्षणभर चित्राकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “कपाट दाखवा.”

कपाटाला कुलूप होतं. किल्ली देवघरात, गणपतीच्या मागे.

“त्या दिवशीही इथेच होती?”

“हो. कुलूपही लावलेलं होतं.”

“विष्णूला किल्लीची जागा माहीत होती?”

“देवघर तोच पुसतो.”

कपाटात आईच्या पाटल्या होत्या, मोहनमाळ होती, तोडे होते. कुडीची निळी डबी जिथे असायची, तेवढी एकच जागा रिकामी होती.

“चोर भारीच समाधानी दिसतो,” लतिकाबाई पुटपुटल्या.

*

शेजारच्या हेमा बापट गेली दहा वर्षं विधवा होत्या. मुलगा मस्कतला असायचा. संध्याकाळी त्या आणि तळपदे व्हरांड्यात बसून रमी खेळत. ते सांगतानाच त्यांनी पदर सावरला, जणू कुणी त्याचा वेगळा अर्थ काढेल.

“त्या दिवशी गेला नाहीत?” लतिकाबाईंनी विचारलं.

“नाही ना. सकाळीच त्यांचा फोन आला. म्हणाले, आज नको, उद्या या. आवाज खुशीत होता. मला जरा रागच आला, खरं सांगायचं तर. आमचे दोघांचे दिवस सारखे लांब. त्यांना कुणी मिळालं, मला नाही.”

“जेवायला तुम्ही कधी जायचात?”

“चहाला. त्यांच्याकडे पूर्वी मासे शिजायचे, आणि मला वासही चालत नाही.”

“कुणाला पाहिलंत?”

“पाठमोरा पाहिला. चार वाजून गेले असतील. फाटकातून बाहेर आला आणि टॅक्सीत बसला. टॅक्सी बराच वेळ उभीच होती, इंजिन चालू ठेवून. हातावर हे एवढं जाडजूड जॅकेट. ऑक्टोबरमध्ये शारजात. मी म्हटलं, हा कुठे दार्जिलिंगला निघालाय?”

“तळपदे फाटकापर्यंत आले होते?”

हेमाताई आठवू लागल्या. “आले होते. टॅक्सी वळेपर्यंत उभे होते. हात वर केला त्यांनी. त्याने बघितलं की नाही, देव जाणे.”

“म्हणजे तो गेला तेव्हा ते जिवंत होते,” रफिक म्हणाला.



निघताना लतिकाबाईंनी सहज विचारलं, “कुडीबद्दल कधी बोलले होते?”

“पुष्कळदा. बायकोने सांगून ठेवलं होतं ना, बाकी सगळं मुलीला, कुडी मात्र सुनेला. सून आली की स्वतःच्या हाताने देईन म्हणायचे. या चार वर्षांत ती तीनदा आली, आणि दर वेळी हे विसरले.”

*

विष्णू अजमानला चुलतभावाच्या खोलीत राहत होता. खोलीत सहा पलंग होते. त्याने एकाची गादी झटकली आणि लतिकाबाईंना बसायला दिली.

“त्या दिवशी कुठे होतास?”

“इथंच.”

“मग पोलिसांना सांगत का नाहीस? हे सगळे साक्ष देतील.”

“मग विचारतील, कामाच्या दिवशी इथं कशाला आलास. साहेबांनी पाठवलं म्हणावं लागेल. का पाठवलं, तेही सांगावं लागेल.” तो मालवणकडचा होता आणि शब्द मोजून टाकायचा. “साहेबांनी सांगितलेलं, शर्वाणीताईंना बोलू नकोस. शब्द दिलाय. ते असते तर त्यांना विचारून मोकळा झालो असतो.”

रफिकला राहवलं नाही. “अरे बाबा, तू आत जाशील. कोणासाठी लपवतोयस?”

“नाव मला माहीतच नाही. शप्पथ. साहेब म्हणाले, जेवायला माणूस येणार आहे. बाजारातून सुरमई आण, तिखलं कर, आणि जा. उद्या ये.”

“मासे सोडलेल्या माणसाने सुरमई मागवली,” लतिकाबाई म्हणाल्या. “किती माणसांची?”

“एकाची. मी विचारलं दोन तुकडे जास्त टाकू का, तर म्हणाले नको, एकटाच आहे तो.” विष्णू भिंतीकडे बघू लागला. “म्हणताना जरा वाईट वाटल्यासारखं वाटलं मला.”

*

शेवटचा मुक्काम ट्रॅव्हल एजन्सीत. काउंटरवर नीरव नावाचा तरुण होता. जन्म दुबईचा, मराठी आईकडून शिकलेलं.

“तळपदे अंकल? ऑफ कोर्स. खूप प्रेमाने बुक केलं त्यांनी. बाल्कनी केबिन, अ‍ॅनिव्हर्सरी केक, सगळं.”

“दोन्ही प्रवास तुम्हीच काढून दिलेत?”

“फर्स्ट वाला आम्ही. सेकंड पण त्यांना हवा होता, पण दोन्ही एकत्र टाकले की बुकिंग घेईचना. कंपनीला फोन केला, तर म्हणाले दुसऱ्या भागासाठी बोट बदला. अंकलना तीच बोट पाहिजे होती. मग त्यांच्या मुलाने तिकडून फोनवर वेगळं काढलं. त्याचं झालं म्हणे.”

“सिस्टीमचा प्रॉब्लेम असेल,” रफिक म्हणाला.

“असेल, भाई.”

लतिकाबाई हसल्या नाहीत.  गाडीत बसल्यावर म्हणाल्या, “बाराव्याला आपण जाऊ. गुरुजी गेल्यावर.”

*

बाराव्याचं जेवण झालं होतं. सिद्धार्थ तळपदे वडिलांच्या खुर्चीसमोरच्या खुर्चीत बसला होता. चाळिशीकडे झुकलेला, देखणा, डोळ्यांखाली काळं. हेमाताई दाराशी होत्या. लतिकाबाईंनी आग्रहाने बोलावलं म्हणून विष्णूही आला होता, पण बसायला तयार नव्हता.

“चोरी झालीच नाही,” लतिकाबाईंनी सुरुवात केली. “चोराने मोहनमाळ, पाटल्या, तोडे सोडून फक्त कुडी घेतली, कपाटाला पुन्हा कुलूप लावलं आणि किल्ली गणपतीच्या मागे ठेवली, हे मला पटत नाही. कपाट तळपद्यांनीच उघडलं. कुडी त्यांनी दिली.”

“कुणाला?” शर्वाणीने विचारलं.

“हेमाताईंना नाही. त्या माशाचा वास सहन करत नाहीत, आणि दुसऱ्या ताटात काटे होते. विष्णूलाही नाही. त्याला साहेबांनीच घराबाहेर पाठवलं होतं, पाहुणा येणार म्हणून. त्या पाहुण्यासाठी चार वर्षांनी या घरात सुरमई आली. तळपदे सकाळपासून खुशीत होते. तुम्हाला कळू नये, असं मात्र त्या पाहुण्याला हवं होतं. आणि कुडी सुनेसाठी राखलेली होती.”

शर्वाणी भावाकडे बघू लागली. मग लतिकाबाईंकडे. “मॅडम, तो बोटीवर होता.”

“व्हँकुव्हरपर्यंत होता.”

सिद्धार्थ हलला नाही.

“रफिक, कांडल्याची बोट आठवते?” लतिकाबाई म्हणाल्या. “जो नियम मालाला, तोच उतारूंना. अमेरिकेचा याबाबतचा कायदा शंभर वर्षांहून जुना आहे. परक्या झेंड्याच्या बोटीने अमेरिकेच्या एका बंदरात चढलेला माणूस अमेरिकेच्याच दुसऱ्या बंदरात नेऊन उतरवायचा नाही. सुअर्ड अमेरिकेत. लॉस एंजेलिस अमेरिकेत. बोट नासाऊची.”

“पण मध्ये कॅनडा आहे ना?” रफिक म्हणाला.

“कॅनडा त्यांच्या लेखी शेजार. मध्ये दूरचा परदेश लागावा लागतो, आणि या वाटेवर तो नाही. सुअर्डहून व्हँकुव्हरला जाणं चालतं. व्हँकुव्हरहून लॉस एंजेलिसला जाणंही चालतं. मात्र एकाच माणसाने एकाच बोटीवर दोन्ही जोडले, की तिकिटं दोन असली तरी कायदा प्रवास एकच धरतो. म्हणून नीरवचं बुकिंग होईना. म्हणून कंपनी म्हणाली, बोट बदला. यांनी दुसरं तिकीट वेगळं काढलं, तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. व्हँकुव्हरला नावं ताडून पाहिली तेव्हा आलं असणार. दंड कंपनीला बसतो, ती कशाला नेईल?”

“हे तुम्ही गृहीत धरताय,” सिद्धार्थ पहिल्यांदाच बोलला. आवाज शांत होता.

“अर्धं गृहीत आहे. पण बोटीवरचा फोन उपग्रहावरून येतो. आपण बोललेलं पलीकडे पोचायला वेळ लागतो, माणसं एकमेकांच्या बोलण्यावर आदळतात. तुमच्या ताईला तुमचा आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटला. आणि इथल्या उकाड्यात हातावर जाड जॅकेट घेऊन फिरणारा माणूस थंडीतून थेट आलेला असतो, आणि त्याने मुक्कामाचं सामान आणलेलं नसतं. तुम्हाला मधले दिवस मोकळे मिळाले. जगाच्या दृष्टीने तुम्ही समुद्रात होता. तुम्ही विमानाने इथे आलात, वडिलांबरोबर जेवलात आणि परत गेलात.”

“मग हे लपवायचं कशाला?” शर्वाणीचा आवाज चढला. “सिद्धू, बाबांना भेटायला आलास यात चोरून काय करायचं?”

“ट्रिप दोघांची होती,” लतिकाबाई हलकेच म्हणाल्या. “पण सुरमई एकाचीच आली, पाहुण्याचं ताट एकच वाढलं. विष्णूला साहेब म्हणाले, एकटाच आहे तो. तनया बोटीवर नव्हती, शर्वाणी. मला वाटतं, ती बऱ्याच आधीपासून नाही.”

घरात कुठेतरी एसीचा कॉम्प्रेसर सुरू झाला.

“फेब्रुवारीत गेली,” सिद्धार्थ म्हणाला. “भांडण नाही, काही नाही. म्हणाली, तुझ्याबरोबर असून मी एकटी असते. बाबांनी ट्रिप बुक केली तेव्हा सांगणार होतो. त्यांनी फोनवर केकबद्दल इतकं सांगितलं की जमलं नाही. मग गेलो. दोघांच्या टेबलावर एकटा जेवलो. वेटरांनी केक आणला, मेणबत्ती लावून. आजूबाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.”

त्याने समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. 

“व्हँकुव्हरला बोटीवाल्यांनी माझं सामान बाहेर काढलं. मी धक्क्यावर बसलो होतो आणि जगात कुणाला माहीत नव्हतं मी कुठे आहे. तेव्हा बाबांना फोन केला. म्हटलं, येतोय, ताईला सांगू नका. ताई, तुझीच मैत्रीण ना ती. तुला काय सांगणार होतो?”

“मलाच सांगायचं होतंस,” शर्वाणी म्हणाली.

“बाबांना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. उठले, कुडी आणली, म्हणाले, हे तुझ्याकडे असू दे. मला ते सहन झालं नाही. मी उठलो. ते म्हणाले, छातीत जरा भरून आल्यासारखं वाटतंय, थोडा बस. मला वाटलं, मला थांबवायला म्हणतायत. मी म्हटलं, टॅक्सी उभी आहे.” त्याने दोन्ही तळवे गुडघ्यांवर उपडे ठेवले. “तरी फाटकापर्यंत आले. मी मागे बघितलं नाही. घरी पोचलो तर मशीनवर तुझा निरोप. एकदा म्हटलं बोटीवर आहे, की मग बोट लागेपर्यंत बोटीवर राहावं लागलं. घरात दिवे न लावता बसलो होतो, ताई. तू अग्नी देत होतीस आणि मी घरात बसलो होतो.”

हेमाताई पदर तोंडाशी धरून आत निघून गेल्या.

“त्याबद्दल मी तुम्हाला काही म्हणणार नाही,” लतिकाबाई म्हणाल्या. “थांबला असतात तरी काय झालं असतं, ते डॉक्टरही सांगू शकणार नाहीत. पण विष्णूवर चोरीची तक्रार झाली, हे तुमच्या ताईने तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. कुडी तुमच्या खिशात होती. एक वाक्य पुरे होतं.”

सिद्धार्थने विष्णूकडे पाहिलं. 

“चौकीतलं कार्यालय दोनपर्यंत उघडं असतं,” लतिकाबाई उठत म्हणाल्या. “चला.”

*

जबाब लिहून व्हायला वेळ लागला. सिद्धार्थ इंग्रजीत सांगत होता, आतला हवालदार ते अरबीत उतरवत होता. रफिक, विष्णू आणि शर्वाणी बाहेरच्या बाकावर बसले होते. लतिकाबाई उभ्याच होत्या.

शेवटी एका हवालदाराने पासपोर्ट आणून विष्णूच्या हातात दिला. “खलास,” तो म्हणाला, म्हणजे झालं, मिटलं.

“परत ये, विष्णू,” शर्वाणी म्हणाली. “अबुधाबीला, माझ्याकडे. नाही तर म्हणशील तिथे काम बघून देते. माझं चुकलं.”

विष्णूने पासपोर्ट उघडून आपला फोटो पाहिला, मग तो शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला.

“गावाला जातो, ताई. तिकीट तेवढं बघा.” थोडं थांबून तो म्हणाला, “मी साहेबांना विचारलं होतं, संध्याकाळी परत येऊ का, भांडी राहतील. ते म्हणाले, उद्या ये. मला पण भावाकडं राहायचं होतं. म्हणून परत विचारलं नाही.”

तो रस्ता ओलांडून अजमानच्या टॅक्सी मिळतात तिथे गेला आणि दोन अनोळखी माणसांबरोबर मागच्या सीटवर बसला.

सिद्धार्थ बाहेर आला तेव्हा ऊन पांढरं झालं होतं. शर्वाणीने गाडीचं दार उघडलं. तो पुढे बसला. तिने एसी लावला, दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले, आणि गाडी काही सुरू केली नाही. काचेतून दोघांची डोकी दिसत होती, समोर बघणारी.  मग सिद्धार्थचे खांदे हलू लागले. शर्वाणीने एक हात काढून त्याच्या पाठीवर ठेवला. दुसरा स्टीअरिंगवरच होता.

“मॅडम, आपण थांबायचं?” रफिकने विचारलं.

“नको,” लतिकाबाई म्हणाल्या. “आपलं काम झालं.”

 रोलाला जिन्याशी उतरल्यावर त्यांनी पर्समधून किल्ली काढली, हातात धरली आणि वर आपल्या खिडकीकडे पाहिलं. रफिकने गाडी बंद केली नाही. पण त्या आत जाऊन दिसेनाशा होईपर्यंत तो तिथेच थांबला.